तळमजल्यावरच्या डॉक्टरबाईंना

डॉक्टरबाई,

तुमचं नाव विचारायचं मला त्या दिवशी सुचलंच नाही. माझ्या नातवाचं नाव विचारणाऱ्या मात्र त्या अख्ख्या इस्पितळात तुम्ही एकट्याच होतात.

लेक बाळंतपणाला रामबागेत माझ्याकडे आली होती. नववा लागला आणि तिला दोन दिवस ताप, अंगदुखी. ‘व्हायरल आहे’ म्हणून डॉक्टरांनी सोडून दिलं. जन्मानंतर दहाव्या दिवशी बाळ तापलं, दूध ओढेना, टाळू फुगलेली. आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथे बाळाला उघडूनही न बघता सांगितलं, गॅस आहे, ड्रॉप्स द्या. नात्यातल्या एकीने दृष्ट काढायला लावली, दुसरीने लेकीच्या दुधालाच नावं ठेवली. त्यात जी रात्र गेली, तिचा राग माझ्या मनातून अजून उतरलेला नाही.

मग तुमच्या इस्पितळात काचेआड नळ्या लावलेलं ते एवढंसं पोर. मेंदूज्वर, म्हणाले. मणक्यातून पाणी काढून तुमच्या लॅबमध्ये पाठवलं.

बाराव्या दिवशी, घरी बारसं व्हायचं त्याच संध्याकाळी, तुम्ही तीन जिने चढून वर आलात. फोन करूनही भागलं असतं. वॉर्डातल्या डॉक्टरांना तुम्ही समजावत होतात आणि मी दाराशी उभी होते. लिस्टेरिया नावाचा जंतू. सूक्ष्मदर्शकाखाली तो कातडीवरच्या साध्या जंतूंसारखा दिसतो, म्हणून नमुन्यात बाहेरून आला असेल असं समजून पुष्कळदा सोडून देतात. तुम्ही सोडला नाहीत. चालू होतं ते औषध, सेफोटॅक्झिम, त्याला लागू पडत नाही, अँपिसिलिनच हवं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. पुढे 21 दिवस तेच चाललं, सोबत आणखी एक.

निघताना तुम्ही हातातला कागद पाहिलात. त्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे लेकीचं नाव. “माताजी, बच्चे का नाम क्या रखा है?” आत्याने ठरवलेलं नाव बारशाआधी फोडायचं नाही असं आमच्यात बजावलेलं होतं. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही खिशातली पेन्सिल काढून ‘बेबी ऑफ’च्या वर ते लिहिलंत, मला दाखवलंत, वेलांटी बरोबर आहे ना विचारलंत. त्या क्षणापर्यंत मी मनातून त्याला सोडायला निघाले होते, हे आज कबूल करते. पेन्सिलीने का होईना, त्याचं नाव लिहिलेलं बघितलं आणि माझे पाय पुन्हा जमिनीला लागले.

मग मी तुमच्यापुढे रडले. गवळ्याचं धारोष्ण दूध लेकीला मीच कौतुकाने पाजत होते. तुम्ही खोटी समजूत घातली नाहीत आणि दोषही दिला नाहीत. त्याच दुधाने झालं असं खात्रीने कुणी सांगू शकणार नाही, पण कच्चं दूध गरोदर बाईला नको, आणि हा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो, एवढंच म्हणालात. आता आमच्याकडे दूध उकळल्याशिवाय कुणाच्या तोंडी जात नाही. बिल्डिंगमधल्या प्रत्येक दिवस गेलेल्या पोरीला मी हे बसवून सांगते.

आपलं काम नीट करून वर माणसाची विचारपूस करणारी माणसं मी फार थोडी पाहिली. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

नातू आता आठ महिन्यांचा आहे, गुडघ्यांवर रांगतो. पुढच्या मंगळवारी त्याचे कान तपासायला तिकडे आणायचा आहे. तपासणी झाली की त्याला कडेवर घेऊन खाली तुमच्याकडे येते.

त्याची आजी
इंदूर