विषय: 14 इंची बँडसॉ आणि तुम्ही परस्पर ‘निकाली’ काढलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

तुमचा 14 इंची बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्टीसारखं ब्लेड फिरवून लाकूड कापणारं मशीन, डिचोलीत माझ्या पडवीत उभा आहे. तुमच्या नोंदीप्रमाणे त्याच्याविषयीची तक्रार ‘ग्राहकाच्या समाधानानुसार बंद’ झाली आहे. तो समाधानी ग्राहक कोण हे तुम्हीच शोधा. माझी तक्रार उघडी आहे, म्हणून आता लेखी देतो. मशीन तुमचंच असल्यामुळे कुठला भाग कुठे बसतो हे सांगत बसत नाही.

हे मशीन घेतलं ते तुमच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांवर विसंबून: 355 मिमीची चाकं, 300 मिमी उंचीचा काप, पाऊण इंचापर्यंतचं ब्लेड, दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर, वेग मिनिटाला 900 मीटर. अख्ख्या दांड्यातून धनुष्याचा बाह्य आकार काढायचा, एवढंच काम असतं तर यापेक्षा लहान मशीनही चाललं असतं. पाव किंवा तीन-अष्टमांश इंची ब्लेड लावा, रेघेपासून तीनेक मिमी बाहेरून चालवा, उरलेलं कानशीने काढा. पण पट्ट्या चिकटवून केलेल्या धनुष्याचं काम वेगळं आहे. तिथे 1800 मिमी लांबीची फळी कडेवर उभी धरून त्यातून पातळ पट्ट्या चिरायच्या असतात. त्यासाठी अर्धा इंची, इंचाला 3 दातांचं ब्लेड लागतं आणि ते ब्लेड ताणून धरील अशी चौकट लागते. 8-10 इंची टेबलावरच्या मशीनला हे झेपत नाही, कारण तेवढ्याशा चाकावर जाड ब्लेड वाकून वाकून वेल्डपाशी (जोडापाशी) तडकतं आणि पातळ ब्लेड लावलं तर ते उंच कापात भरकटतं. म्हणून 14 इंची. खरेदीआधी तुमच्या विक्री विभागाला ईमेलने स्पष्ट विचारलं होतं: लाकूड धामण, शिवाय माणगा बांबू, कापाची उंची 100 मिमी, ब्लेड अर्धा इंची, चालेल का? उत्तर आलं, ‘होय सर, आरामात.’ हा ईमेल जपून ठेवला आहे.

आता ब्लेडला ताण देणारी स्प्रिंग. 0.64 मिमी जाडीच्या अर्धा इंची कार्बन स्टील ब्लेडला उभा काप सरळ घ्यायचा तर 15,000 पीएसआयच्या (चौरस इंचाला इतके पौंड) आसपास ताण पाहिजे. दातांच्या खाचा सोडून मागचं जेमतेम 10 मिमी रुंद पातं उरतं. त्यावर हिशेब केला तर ब्लेडच्या एका बाजूला 67 किलो, दोन्ही बाजू मिळून वरच्या चाकावर 135 किलोच्या घरात भार येतो. तुमच्या मशीनवरच्या मापपट्टीचा काटा ‘1/2’ वर नेऊन मी हा ताण मोजला. तुमच्या तंत्रज्ञांनाही मोजता येईल, पद्धत सोपी आहे: ब्लेड नुसतं सरळ होईल इतपत आवळा, व्हर्नियरचे दोन्ही जबडे 125 मिमी अंतरावर चिमट्यांनी ब्लेडला पकडा, पूर्ण ताण द्या आणि आकडा किती सरकला ते पाहा. 15,000 पीएसआयला तो 0.06 मिमीच्या किंचित वर जायला हवा. तुमच्या मशीनवर 0.03 च्या पुढे जात नाही. म्हणजे काटा अर्धा इंच दाखवतो आणि ब्लेडला ताण निम्माच मिळतो.

नॉब पुढे फिरवावा तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात. त्यानंतर ब्लेड ताणलं जात नाही, वरच्या चाकाचा ब्रॅकेट वाकतो आणि ब्लेड चाकाच्या मध्यावरून पुढच्या कडेला येतं. ट्रॅकिंगचा (वरचं चाक कलवण्याचा) नॉब फिरवून ते मागे आणता येतं हे मला माहीत आहे, ते सांगण्यासाठी कृपया पुन्हा फोन करू नये. वेढे टेकलेली स्प्रिंग नुसता लोखंडाचा ठोकळा होते. कापताना ब्लेड तापून लांबलं की आलेली ढिलाई ती ओढून घेत नाही, आणि चाकाचा प्रत्येक धक्का थेट वेल्डवर बसतो. पाऊण इंची ब्लेडची जाहिरात करणाऱ्या मशीनमध्ये अर्धा इंची ब्लेडला पुरी न पडणारी स्प्रिंग कोणी आणि काय विचार करून घातली?

परिणाम सांगतो. 100 मिमी रुंदीच्या धामणीच्या फळीतून पट्टी काढली, तर वरच्या आणि खालच्या कडेला जाडी 4.5 मिमी भरते आणि मध्यभागी 3.6. वरून पाहिलं तर काप रेघेवर असतो, आतमध्ये ब्लेड पोट काढून गेलेलं असतं. फेन्सचा (फळी टेकवून ढकलायच्या आधारपट्टीचा) कोन बिघडलेला असता तर सगळी पट्टी एकाच बाजूला पळाली असती, त्यामुळे ‘फेन्स तपासा’ हे उत्तर इथे लागू नाही. शिवाय फेन्स मी ब्लेडच्या ओढीप्रमाणेच लावलेला आहे: रद्दी फळीवर सरळ रेघ मारून, हाताने कापत जाऊन, ज्या कोनात काप रेघेवर राहिला त्याच कोनात.

धनुष्याच्या पट्टीत असा फरक चालत नाही. पट्टीची ताठरता जाडीच्या घनाने बदलते. 3 मिमीच्या जागी 3.3 मिमी झाली की पट्टी एक तृतीयांशाने ताठ होते. धनुष्याचा एक बाहू असा ताठ राहिला तर वाकण्याचं सगळं काम दुसऱ्यावर पडतं. ते जुळवायला धनुष्याच्या पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने, लाकूड काढत राहावं लागतं आणि 40 पौंड ओढीचं ठरवलेलं धनुष्य 30 वर येऊन थांबतं. चिरलेल्या पट्ट्या सँडरवर एकसारख्या करतातच, पण त्यासाठी अर्धा-पाऊण मिमी राखून ठेवलेला असतो. इथे तो सगळा पोट काढण्यातच जातो. चांगली सरळ नसेची, गाठ नसलेली, नीट वाळलेली धामण मागितली की मिळते असं कृपया समजू नका. फळीमागे एक-दोन पट्ट्या भुशात जातात ते तुमच्या स्प्रिंगमुळे.

सोबत आलेलं ब्लेडही इंचाला 6 दातांचं आहे. 100 मिमीच्या कापात त्याचे एका वेळी चोवीसेक दात लाकडात असतात, खाचा भुशाने भरतात आणि ब्लेड वाट सोडतं. 300 मिमीच्या कापाची जाहिरात करायची आणि खोक्यात हे ब्लेड द्यायचं! त्याच्या वेल्डवरचा उंचवटा मागच्या बाजूने घासलेलाही नाही. प्रत्येक फेऱ्याला मागच्या बेअरिंगवर टिक् टिक् वाजतं. मी माझं 3 दातांचं ब्लेड आणून लावलं आणि वरची सगळी मापं त्याच ब्लेडवर घेतली, म्हणजे दोष ब्लेडवर ढकलायला जागा राहू नये.

आता पुल्या आणि त्यांच्यावरून झालेला तो फोन.

खालच्या चाकाला टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) लावला. मिनिटाला 670 फेरे. 355 मिमीच्या चाकावर ते होतात 750 मीटर. माहितीपत्रक म्हणतं 900. मोटरच्या पाटीवर 50 हर्ट्झ, 1440 फेरे असं लिहिलं आहे. मोटरची पुली 70 मिमी, चाकाची 150. आता 1440 च्या जागी 1725 घालून बघा, बरोबर 900 येतात. 1725 हा 60 हर्ट्झच्या मोटरचा वेग आहे. म्हणजे दुसऱ्या देशासाठी बनवलेल्या पुल्या ठेवून मोटर तेवढी बदलली आणि माहितीपत्रकातला आकडा तसाच छापला. 750 वर लाकूड कापलं जात नाही असं माझं म्हणणं नाही. कापलं जातं, फक्त फळी सावकाश ढकलावी लागते. 84 मिमीची पुली घातली की प्रश्न मिटतो. तुमच्याकडून हवं होतं ते एवढंच एक वाक्य.

त्याऐवजी मला ‘वरिष्ठ तांत्रिक तज्ज्ञ’ जोडून देण्यात आले. त्यांनी आधी सर म्हटलं. मी आकडे सांगितले. ते म्हणाले, ‘‘गोव्यात व्होल्टेज कमी असतो ना सर, म्हणून स्पीड मिळत नाही.’’ मी म्हटलं, मीटरवर 228 दिसतात आणि इंडक्शन मोटरचा वेग व्होल्टेजपेक्षा हर्ट्झवर ठरतो. थोडा वेळ शांतता. मग, ‘‘ब्लेडचे दात खाली आहेत की वर?’’ मी म्हटलं, खाली. ‘‘नक्की? एकदा बघून या ना.’’ मी म्हटलं, बघायला जायची गरज नाही, उलट्या दातांनी फळी चिरलीच गेली नसती. मग ते म्हणाले, ‘‘लाकूड ओलं असेल. तुमच्याकडे पाऊस फार.’’ मी म्हटलं, मॉइश्चर मीटरवर 11 टक्के आहे, आणि लाकूड ओलं असल्याने पुलीचा व्यास बदलत नाही. इथे सरचा ‘काका’ झाला.

‘‘काका, तुम्ही नेमकं बनवताय काय?’’

‘‘धनुष्य.’’

‘‘म्हणजे नाटकाला लागतं ते?’’ आणि बाजूला कुणीतरी हसलं. मला ऐकू यावं इतकं स्पष्ट. मी सांगितलं, नाटकातलं नाही, ओढायचं, बाण सोडायचं. त्यावर तुमच्या वरिष्ठ तांत्रिक तज्ज्ञांनी दिलेला सल्ला शब्दशः असा: ‘‘अहो, मग त्याला एवढं मोठं मशीन कशाला? बांबू कोयत्याने सोलतात की गावाकडे.’’

कोयत्याविषयी त्यांचं ज्ञान खोटं नाही. बांबू फाडायला कोयता उत्तम, चीर धाग्यांबरोबरच जाते. पण फाडलेल्या कामटीची आतली बाजू सपाट करून ती सारख्या जाडीवर आणायची तर ती मशीनवरच आणावी लागते, आणि बांबूच्या पाठीतली सिलिका साध्या ब्लेडचे दात लवकर खाते, म्हणून त्यासाठी बाय-मेटल (दोन धातूंचं) ब्लेड लागतं, ज्याला ताण आणखी जास्त हवा. म्हणजे पुन्हा स्प्रिंग. हे मी त्यांना सांगणार होतो. तोवर ते म्हणाले, ‘‘यूट्यूबवर व्हिडिओ आहेत काका, बघा, जमेल तुम्हाला,’’ आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत संदेश आला: आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे, कृपया सेवेला तारे द्या.

पुल्या 60 हर्ट्झच्या, सल्ला कोयत्याचा आणि वर तारे मी द्यायचे!

बाकीचं थोडक्यात. ब्लेडला दोन्ही बाजूंनी आवरणाऱ्या गाईडचा खांब ब्लेडला समांतर नाही. 50 मिमी उंचीवर बाजूची गाईड कागदाच्या जाडीइतकी सोडून बसवली आणि खांब 200 वर नेला, की डावं गाईड ब्लेडला घासतं आणि उजवीकडे 2 मिमी फट पडते. उंची बदलली की दर वेळी गाईड नव्याने लावत बसायचं. खांबाच्या ब्रॅकेटखाली पातळ पत्रा सारून हे बसवता येईल. वरचं चाकही खालच्याच्या मागे आहे, सरळपट्टी धरली की एक सूत (अष्टमांश इंच) उजेड दिसतो. त्याच्या आसावर चाकामागे वायसर टाकले की काम होईल. पण तुमच्या वॉरंटी कार्डावर लिहिलं आहे की चाक किंवा ब्रॅकेट उघडल्यास वॉरंटी रद्द, आणि तुमचे लोक फोनवर सांगतात ‘तुम्हीच थोडं ॲडजस्ट करून घ्या’. यातलं खरं कुठलं? बिडाच्या टेबलाला खोक्यातच गंज चढलेला होता. पावसात घाट उतरून येणाऱ्या मालाला तेलाचा कागद लावायचा असतो, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तंत्रज्ञ पाठवू असं सांगितलं गेलं, तेही चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर. कुठल्या वर्षाची, ते विचारायचं राहिलं.

वाईट याचं वाटतं की तुमचंच जुनं बिडाचं मशीन म्हापशाच्या एका सुताराकडे अजून चालतं. त्याची स्प्रिंग बोटाएवढ्या तारेची आहे. नाव तेच, रंगही तोच. त्या मशीनकडे बघून मी तुमच्या नावावर पैसे टाकले.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या मालाला शुल्कही नाही. माहितीपत्रकातला 900 चा आकडा, टॅकोमीटरचं छायाचित्र, मोटरची पाटी, पुल्यांची मापं, ‘आरामात’ म्हणणारा ईमेल आणि तक्रार निकाली काढल्याचा संदेश, हे सगळं उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठेवायला तयार आहे. ‘नाटकाला लागतं ते?’ हा प्रश्न तिथे तुमच्या वकिलांनी विचारावा.

मला हवं आहे ते असं. 84 मिमीची मोटर पुली आणि तिला लागेल त्या लांबीचा पट्टा. अर्धा इंची ब्लेडला पूर्ण ताण देऊनही वेढे टेकणार नाहीत अशी स्प्रिंग. आणि गाईडचा खांब सरळ करून देणारा माणूस, ज्याने येण्याआधी हे पत्र वाचलेलं असेल. 15 दिवसांत हे होणार नसेल तर मशीन उचलून न्या आणि पूर्ण पैसे परत करा. नेताना टेबल आधी उतरवा, नाहीतर पडवीच्या पायऱ्यांवर ट्रुनियन (टेबलाखालचा तिरका करता येणारा आधार) तुटेल. माणूस पाठवणं जमत नसेल तर पुली आणि स्प्रिंग कुरियरने धाडा, मी बसवतो. मात्र चाक आणि ब्रॅकेट मी उघडल्याने वॉरंटी जाणार नाही, हे कंपनीच्या शिक्क्यानिशी लिहून द्या.

आपला,
एक ग्राहक
डिचोली, गोवा