माळ्यावरची भांडी मोडीत घालण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरं झाडायला काढली की गावोगाव भंगारवाल्यांच्या फेऱ्या वाढतात. माळ्यावरून, कोठीच्या खोलीतून काळीठिक्कर पडलेली तांब्या-पितळेची भांडी खाली येतात, तराजूत पडतात आणि त्यांच्या पैशांत स्टीलचा डबा किंवा नॉनस्टिकचा तवा घरात येतो. मोडीला भाव मिळतो तो धातूच्या वजनाचा. घडणावळीचे, जुनेपणाचे, भांड्यावर घातलेल्या नावाचे पैसे कोणी देत नाही. विकायचं की ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्याआधी भांडी एकदा घासून, पारखून बघावीत आणि जमलं तर याच शरदात वापरायला काढावीत, यासाठी हे पत्र.

हे दिवस या कामाला फार सोयीचे. पाऊस उघडलेला असतो, हवा कोरडी, ऊन कडक. श्रावणात घासलेलं पितळ दमट हवेने बघता बघता मळकतं. आश्विनात घासून उन्हात वाळवलेलं दिवाळीला तसंच काढता येतं.

तांबं कोणालाही ओळखू येतं, घोळ होतो तो पितळ आणि काशाचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. ताट बोटांच्या टोकांवर तोलून कडेला टिचकी मारावी. काशाचा नाद बराच वेळ घुमतो, पितळेचा लवकर विरतो. नाद बद्द आला तर काशाला कुठेतरी बारीक तडा आहे असं समजावं. कासं ठिसूळ असतं, हातातून पडलं की फुटतं, म्हणून जुन्या घरांतूनही ते थोडंच उरलं आहे. ते मोडीत पितळ म्हणून जाऊ देऊ नये. काशाची वाटी सापडली तर दुधात साखर: थंडी पडू लागली की तळपायाला तूप लावून तीच वाटी फिरवायची असते.

आता नावांकडे. भांडं उजेडात तिरपं धरून गळ्याखाली, काठावर आणि बुडाशी बघावं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसतील. छिन्नीच्या टोकावर हातोडीचा एकेक ठोका देत ती उमटवलेली असतात. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत अशा निमित्तांनी ही भांडी दिली जात, त्यामुळे देणाऱ्याचं नाव, गाव आणि कित्येकदा सालही असतं. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत; शके १८५७ म्हणजे इसवी सन १९३५. तिथी जानेवारी ते फाल्गुन अखेरीच्या काळातली असेल तर ७९ मिळवावेत. पणजीच्या माहेरचं आडनाव आणि गाव घरातल्या एकाही कागदावर नसतं, ते घागरीच्या गळ्यावर सापडतं. अक्षरं पुसट असतील तर वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवावी, ठिपके उठून दिसतात. भांडं विकायचंच ठरलं तरी हा ठसा घरात राहू द्यावा. आणि चकाकीच्या मोहाने जुनं भांडं मशीनवर बफिंगला देऊ नये. पत्रा झिजतो आणि ही बारीक अक्षरं कायमची जातात.

घासायला चिंच-मीठ पुरतं. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात कोळून त्यात चमचाभर मीठ घालावं, काथ्याने किंवा मऊ कापडाने चोळावं, लगेच भरपूर पाण्याने धुवावं, कोरड्या फडक्याने पुसावं आणि मग उन्हात ठेवावं. यातलं पुसणं बहुतेक जण गाळतात. पाण्याचे थेंब भांड्यावरच सुकले की डाग पडतात, आणि आंबटाचा अंश कानाकोपऱ्यात राहिला तर तिथे हिरवा कळंक धरतो. पितळेचं भांडं चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजत घालण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. आंबट पितळेतलं जस्त खातं, वर नुसतं तांबं उरतं आणि भांड्यावर लालसर चट्टे पडतात. ते साध्या घासण्याने जात नाहीत. कल्हई केलेल्या, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर दिलेल्या भांड्याला आतून चिंच, राख, तारेची घासणी यातलं काहीही लावू नये. साबण आणि मऊ कापड बस.

स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवीच. तांब्या-पितळेत ताक, आमटी, सार असं आंबट ठेवलं की ते कळकतं; चव बिघडते आणि पोटालाही बाधतं. कल्हईचं काम दिसायला सोपं, पण त्यात हात बसलेला लागतो. आधी भांडं आतून तेल, काजळी, कळंक काही न ठेवता लख्ख करायचं. मग भट्टीवर सगळीकडून सारखं तापवायचं. तापल्यावर नवसागराची पूड भुरभुरायची. पांढरा, झोंबणारा धूर उठतो आणि धातूवरचा उरलासुरला थर निघतो. लगेच कथलाची कांडी टेकवायची. कथील पाण्यासारखं पसरतं, ते कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवून घ्यायचं आणि भांडं गार पाण्यात बुडवायचं. धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभं राहावं, मुलांना लांब ठेवावं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. जिथे तेलकटपणा राहिला तिथे कथील धरत नाही, काळे ठिपके दिसतात. भांडं फार तापलं तर कथलावर पिवळट-निळसर झाक येते आणि थर नीट बसत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: कथलात शिसं मिसळलेलं असणं. शिसं स्वस्त पडतं, पण ते अन्नात उतरणं घातक. कांडी आधी बघायला मागावी. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना बारीक करकर ऐकू येते आणि ती कागदावर ओढली तर ठळक रेघ उठत नाही. शिसं पेन्सिलीसारखी राखाडी रेघ ओढतं. शंका आली तर त्या कांडीने कल्हई करून घेऊ नये. नव्या कल्हईत पहिल्यांदा नुसतं पाणी उकळून टाकून द्यावं.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवू नये, त्यात तळण किंवा कोरडं भाजणं करू नये. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतावी. ढवळायला लाकडी डाव. आतून तांबूस किंवा पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई; रोजच्या वापरात ही वेळ काही महिन्यांतच येते.

एवढं केलं की कोजागरीचं दूध त्या भांड्यात आटवून बघावं. तांब्या-पितळेत आच सगळीकडे सारखी पसरते, म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यासारखं दूध तळाला एका जागी चटकन धरत नाही. दोन लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर दीड लिटरपर्यंत आणावं, मग १५० ग्रॅम साखर, दोन चमचे चारोळ्या, वेलची, किसलेलं जायफळ आणि केशराच्या काड्या. साखर आधी घातली तर खाली लागण्याची भीती वाढते. याच दिवसांत भुईमूग उपटलेला असतो. किलोभर ओल्या शेंगांना अडीच लिटर पाणी आणि ५० ग्रॅम मीठ पुरे, पाऊण तासात शिजतात. मात्र मुरण्यासाठी त्याच पाण्यात ठेवायच्या असतील तर त्या मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढाव्यात, कारण मिठाचं पाणी कल्हई खातं. कार्तिकात आवळा येईल. मोरावळा या भांड्यांत करूच नये.

पितळी सोऱ्याला कल्हई लागत नाही, पीठ त्यात काही मिनिटंच असतं. त्याच्या चकत्यांच्या भोकांत जुनं पीठ दगड होऊन बसलेलं असतं. ते सुईने टोकरू नये. पितळ मऊ, भोकाची कड फाटते आणि चकलीला काटा येत नाही. गरम पाण्यात तासभर भिजवून बांबूच्या काडीने ढकलावं. दट्ट्या आत सैल वाटला तर पीठ वरच्या बाजूने निसटतं. अशा वेळी त्याला स्वच्छ सुती कापडाची पट्टी गुंडाळून काम भागतं.

अंघोळीचं पाणी तापवायचा बंब बाहेर काढला असेल तर पेटवण्याआधी पाणी भरून रात्रभर ठेवावा आणि खाली ओल दिसते का ते सकाळी बघावं. गळती बहुधा तोटीच्या किंवा बुडाच्या सांध्याला असते, तिथे डाख (धातू वितळवून दिलेला जोड) लावून मिळतो. पाण्याशिवाय बंब कधीही पेटवू नये, सांधे सुटतात. नळ्यात करवंट्या, काटक्या, गोवऱ्या काहीही चालतं, पण जागा उघडी हवी. बंद न्हाणीघरात धुरी कोंडून जिवावर बेतू शकतं. नरक चतुर्दशीला पहाटे बंबातलं कढत पाणी तांब्याच्या घंगाळात विसणून घेतलेलं अभ्यंगस्नान गीझरच्या पाण्याने होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अडचण एकच, कल्हईवाला मिळत नाही. दोन पातेल्यांसाठी भट्टी पेटवून त्याला परवडत नाही, म्हणून तो येत नाही आणि तो येत नाही म्हणून भांडी मोडीत जातात. यावर गावाच्या हातात उपाय आहे. महिला बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने वाडी-वाडीवरून ४०-५० भांडी गोळा करावीत, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी सुतळीने बांधावी, दर आधी ठरवावा आणि कारागिराला एका दिवसासाठी बोलवावं. पुण्याच्या तांबट आळीत किंवा जवळच्या आठवडी बाजारात चौकशी केली तर माणूस मिळू शकतो. आपल्या दैनिकाने जिल्हा आवृत्त्यांमधून कोणत्या बाजाराला कल्हईवाला बसतो ही माहिती वाचकांकडून मागवून छापली, तर फार मोठं काम होईल. कोजागरी ते वसुबारस हातात बारा दिवस असतात. यादी कोजागरीच्या आधी आली तर भट्ट्या दिवाळीच्या आत लागतील.

आपला नम्र,
एक वाचक, वाई (जि. सातारा)