गांडुळांचं विरजण विकत कशाला घ्यायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात गच्चीवरच्या बागेवर अख्खं पान आलं होतं, वाचून खूप बरं वाटलं. पण गांडूळ खताचा विषय आला तिथे सगळा भर विकतच्या किटवर होता आणि ते वाचून शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, बघा ताई, हे काही आपल्यासारख्यांचं काम नाही, चार हजार रुपये कोण घालणार. हे ऐकून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी नाशकात सिडकोत राहते, अंगण नाही, जिन्याखालची जागा आणि वर गच्ची एवढंच. सहा वर्षं झाली, घरातला ओला कचरा घंटागाडीत टाकलेला नाही आणि यात माझा एकूण खर्च शंभर रुपयांच्या वर गेलेला नाही.

घरात दही लावायचं असेल तर आपण विरजण विकत आणतो का? शेजारी वाटी घेऊन जातो. गांडुळांचं तसंच आहे. माझं पहिलं विरजण दिंडोरीच्या आतेभावाच्या उकिरड्यातून आलं, जुनं शेण उकरलं की खाली लालसर बारीक गांडुळं मिळतात ती. त्याने एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात शेणासकट भरून दिली. पावसात रस्त्यावर दिसतात ती मोठी फिक्कट गांडुळं मात्र उपयोगाची नाहीत, ती जमिनीत खोल बिळं करून राहणारी, त्यांना डब्यात कोंडलं तर मरतात. खतासाठी वरच्या थरात, कुजणाऱ्या पाल्यात आणि शेणात राहणारी पाहिजेत. बाजारात कल्चर म्हणून देतात ते बहुतेक आयसेनिया फेटिडा जातीचं असतं, पण उकिरड्यातली आपली गांडुळंही काम करतात हे मी सहा वर्षं बघतेय.

भांडं म्हणाल तर टोमॅटोचं कॅरेट. आपल्या नाशकात फुटकं कॅरेट कुठेही मिळतं, मला मार्केट यार्डातून तीस रुपयाला मिळालं. आतून गोणपाट लावायचं, तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर वाळका पाला आणि पेपरचे तुकडे भिजवून पिळून (आपलाच पेपर वापरते, फक्त चकचकीत रंगीत पुरवणी नाही टाकत), मग जुनं शेण, मग गांडुळं. कॅरेटचे चार पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवले की मुंग्या येत नाहीत.

आता चूक काय झाली ते पण सांगते, कारण बहुतेक लोक तिथेच सोडून देतात. पहिल्याच वर्षी फेब्रुवारीत द्राक्षाचे मणी स्वस्त मिळाले म्हणून खूप आणले, निम्मे सडले, ते सगळे एकदम कॅरेटमध्ये ओतले आणि वरून गोठ्यातलं ताजं शेण टाकलं. दोन दिवसांत आंबूस वास, चिलटंच चिलटं आणि हात घातला तर आत गरम लागत होतं. ताजं शेण आणि गोड फळं कुजताना तापतात, पस्तीस डिग्रीच्या वर गेलं की ही गांडुळं टिकत नाहीत. जी वाचली ती गोणपाटाच्या बाहेर लटकत होती. मला इतकं वाईट वाटलं की महिनाभर मी त्या जिन्याखाली गेले नाही. नंतर भावाकडून परत आणली. तेव्हापासून शेण पंधरा दिवस उघड्यावर ठेवून, थंड झाल्यावरच घालते.

आणि एक गोष्ट कळली की गांडूळ भाजीची साल जशीच्या तशी खात नाही, त्याला दात नसतात. साल आधी बुरशीने, जिवाणूंनी मऊ पडते आणि गांडूळ ते कुजकं आणि त्यावरचे जिवाणू मिळून खातं. म्हणून मी दोन दिवसांचा कचरा झाकणाच्या डब्यात साठवून बारीक चिरून मग एका कोपऱ्यात पुरते, दुसऱ्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि वर कायम चार बोटं वाळका पाला. पाला असला की वास नाही, चिलटं नाहीत. आमच्या चौघांच्या घरात रोज साधारण सातशे ग्रॅम ओला कचरा होतो, मी काट्यावर मोजलाय. गांडूळ दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्मं खातं असं धरा, म्हणजे पाव किलो गांडुळं असतील तर सुरुवातीला रोज मूठ दीड मूठच टाकायची, बाकीचं साध्या खताच्या डब्यात. मिसळीची उरलेली तर्री, लोणचं, मीठ, तेल, मटणाची हाडं अजिबात नाही. लिंबू मोसंबीच्या साली आणि कांद्याचे ओले तुकडे फार नकोत, कांद्याची वाळकी पापुद्र्याची साल चालते. चहाचा चोथा धुऊन, अंड्याची टरफलं कुटून जरूर टाका, टरफलांनी आंबटपणा कमी होतो.

ओल किती? मूठभर घेऊन दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर जास्त झालं. मे महिन्यात गोणपाट ओलं ठेवते, डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी इकडे आली की गांडुळं सुस्त होतात, खाणं कमी करायचं. पावसाळ्यात कॅरेट छताखालीच पाहिजे.

पहिलं खत यायला मला अडीच महिने लागले. तीन-चार दिवस पाणी बंद करायचं, मग उजेडात प्लास्टिकवर ढीग करायचा, उजेड नको असतो म्हणून गांडुळं खाली खाली जातात आणि आपण वरून थोडं थोडं खत काढत राहायचं. चाळताना मोहरीएवढे पिवळसर, लिंबाच्या आकाराचे कोष दिसतात, ते फेकू नका हो! तीन-चार आठवड्यांत एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात आणि ती पण दीड-दोन महिन्यांत कोष घालायला लागतात. म्हणून तर म्हणते की हे विकत घ्यायची वस्तू नाही, वर्षाच्या आत एकाकडून चार घरी देण्याइतकी होतात.

खताचं सांगायचं तर हे युरियासारखं आठ दिवसांत पान हिरवंगार करत नाही, नत्र त्यात फार नसतं, टक्का दीड टक्का. याचं काम मातीवर असतं. माझ्या कुंड्यांत नर्सरीतली लाल माती होती, उन्हाळ्यात तिची वीट व्हायची, पाणी घातलं की कडेने निघून जायचं. तीन भाग माती आणि एक भाग गांडूळ खत असं मिसळत गेले, दुसऱ्या वर्षीपासून बोट सहज आत जायला लागलं, आणि मे मध्ये दोन वेळचं पाणी एक वेळेवर आलं. निव्वळ खतात रोप लावू नका, ते बसकं होतं.

एक तक्रार पण आहे. आमच्या भागात सकाळी झाडून गोळा केलेला पाला कोपऱ्यावर पेटवतात, आणि आम्ही पाला पाहिजे म्हणून गोणी घेऊन फिरतो! बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या) बाजारात संध्याकाळी फ्लॉवरचा पाला पडून असतो, तो पण मी आणते. घनकचरा नियमांत ओला सुका वेगळा करा असं आहे, आणि आपण तो वेगळा करून गाडीत टाकतो, मग तो डिझेल जाळत पाथर्डीच्या खत प्रकल्पापर्यंत जातो. पालासुद्धा घरीच जिरला तर किती फेऱ्या वाचतील.

संपादक साहेब, एक विनंती आहे. दर रविवारी पेपरात दोन ओळींची जागा द्याल का, कोणाकडे द्यायला गांडुळं आहेत आणि कोणाला हवीत एवढंच छापायला, फुकट. माझं नाव पत्ता आपल्याकडे आहेच. सध्या माझ्याकडे दोन कॅरेट भरलेली आहेत, आठ-दहा घरांना सहज देता येतील. येताना झाकणाला भोकं पाडलेला डबा आणि ओला पाला आणा, रविवारी सकाळी दहाच्या आत, उन्हं चढली की त्यांना प्रवास सोसत नाही.

आपली नियमित वाचक,
सिडको, नाशिक