काळ्या मांजराचा काय दोष?

महोदय,

काळं मांजर आडवं गेलं की दुसरं कुणी आधी पुढे जाईपर्यंत खोळंबून राहणारी शिकली-सवरलेली माणसं आजही दिसतात. ब्रिटन आणि जपानमध्ये मात्र हेच मांजर शुभ मानतात. ब्रिटिश खलाशी तर ते हौसेनं जहाजावर ठेवत. अपशकुनही पत्ता बघून येतो म्हणायचा! युरोपात त्याची बदनामी जुनी आहे. पोप नववा ग्रेगरी याच्या १२३३च्या पत्रात पाखंड्यांच्या कथित विधींच्या वर्णनात काळं मांजर येतं. पुढे चेटकिणींशी त्याचं नाव जोडलं गेलं, ते कायमचंच.

रंगामागचं कारण साधं आहे. प्रत्येक केसावर फिकट-गडद पट्टे उमटवणारं एक जनुक असतं. त्याची बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून आली, की केस टोकापर्यंत मेलॅनिन या गडद रंगद्रव्यानं भरतो. म्हणूनच पट्टेरी जोडप्यालाही काळं पिल्लू होऊ शकतं. काळं मांजर उन्हात पसरलं असताना नीट निरखा. अनेकदा, विशेषतः पिल्लांच्या अंगावर, पुसट पट्टे दिसतात. फार ऊन खाल्लं तर काळा रंग तांबूसही पडतो.

आडवं जाण्यात धोका असलाच तर तो मांजराला. रात्रीच्या अंधारात ते वाहनचालकाला दिसत नाही. पाळलेल्या काळ्या मांजराच्या गळ्यात चमकणारा, अडकल्यास आपोआप सुटणारा पट्टा बांधावा.

– एक मांजरप्रेमी वाचक