तू देऊ केलेल्या किडनीविषयी

परळ, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "माझी एक किडनी घे" म्हणालास, तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. म्हणून आज लिहितो आहे.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दर वेळी 4 तास, मी डायलिसिसच्या, म्हणजे किडनीऐवजी रक्त शुद्ध करणाऱ्या, मशीनवर असतो. मशीनच्या सुया टोचण्यासाठी डाव्या हाताची धमनी आणि शीर जोडून केलेल्या फिस्टुलावर रोज रात्री बोटे ठेवतो. मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर हाताला लागली की जिवात जीव येतो, कारण ती थांबली तर गुठळी झाल्याच्या शंकेने ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

सुयांची सवय झाली, तहानेची मात्र होत नाही. लघवी जवळजवळ बंद झाल्यामुळे दिवसाला जेमतेम 1 लिटर पाण्याची मुभा आहे आणि चहा, आमटी, ताक सारे त्यातच मोजायचे. मे महिन्याच्या घामात स्टेशनबाहेरचा शहाळेवाला दिसला की मी मान वळवतो, कारण शहाळ्यातले पोटॅशियम रक्तात साठले तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. आणि माझ्या उशाशी असलेल्या त्या मशीनमधून तेवढ्या 4 तासांत सुमारे 120 लिटर द्रावण वाहून जाते! आमच्या घरी आंबाही मी मशीनवर असतानाच कापतात. घरी परतल्यावर वासावरून मला ते कळते, पण मी विचारत नाही आणि बायकोही सांगत नाही.

हिला मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी दाता म्हणून तिचे नाव पहिल्याच भेटीत बाजूला ठेवले. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत माझी नोंद आहे. 1994 च्या कायद्यानुसार मित्र हा जवळचा नातेवाईक ठरत नाही. त्यामुळे तुला प्राधिकार समितीपुढे बसून, हे दान पैशासाठी नसून केवळ स्नेहापोटी आहे, हे पटवून द्यावे लागेल. त्याची मला भीती वाटत नाही, कारण आपली चाळीस वर्षांची मैत्री खरी आहे. भीती वाटते ती तुझ्या शस्त्रक्रियेची आणि त्यानंतर जन्मभर तुला कराव्या लागणाऱ्या तपासण्यांची. एका किडनीवर माणूस उत्तम जगतो हे मला ठाऊक आहे, तरीही वहिनींचा होकार त्यांच्याच तोंडून ऐकल्याशिवाय मी पाऊल पुढे टाकणार नाही.

मंगळवारी किंवा गुरुवारी ये, कारण मशीनच्या दुसऱ्या दिवशी मला बरे वाटते. वहिनींना सोबत आण.

तुझा,
बालमित्र