आईच्या रिपोर्टबद्दल, तुम्हा दोघांनाही

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आईच्या थायरॉईडच्या गोळीचा डोस सध्या वाढवायचा नाही, असे मी काल डॉक्टरांशी बोलून ठरवले आहे. तुम्हा दोघांना आधी विचारले नाही, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगते. बाबा, रिपोर्टमध्ये ठळक छापलेला ७.९ हा टीएसएचचा वाढलेला आकडा पाहून तुम्ही १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणून ठेवल्यात, त्यामागची तुमची काळजी मला ठाऊक आहे. तरीही त्या उघडू नका. आईची ७५ ची गोळीच चालू राहील.

याचे कारण सांगायचे तर आधी माझी चूक सांगावी लागते. मागच्या खेपेला आले तेव्हा आईचा गोळ्यांचा डबा मी लावून दिला. विसर पडू नये म्हणून थायरॉईडची गोळी आणि हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी दोन्ही सकाळच्याच कप्प्यात ठेवल्या आणि "एकदम घेऊन टाकत जा" असे वर सांगितलेही. कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या हार्मोनला, धरून ठेवते आणि ते रक्तात पुरेसे उतरूच देत नाही, म्हणून या दोन गोळ्यांमध्ये निदान ४ तासांचे अंतर लागते, हे मला तेव्हा माहीत असायला हवे होते. आई, तू मात्र तीन महिने एकही दिवस न चुकता मी सांगितले तसे घेत राहिलीस. परवा व्हिडिओवर तू मला डबा उघडून दाखवलास, तेव्हा सकाळच्या कप्प्याच्या कोपऱ्यात कॅल्शियमची पांढरी भुकटी साठलेली दिसली आणि माझ्या काळजात धस्स झाले. गेल्या वर्षी हाच टीएसएच २.६ होता आणि डोसही हाच होता. म्हणजे गोळी कमी पडत नव्हती, ती पोहोचत नव्हती.

बाबा, टी४ (म्हणजे रक्तातले थायरॉक्सिन) मर्यादेत असताना टीएसएच कसा वाढला, की मशीनच चुकले, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचे हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला जी हाक मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. संध्याकाळी अंधारून आले की तुम्ही जिन्यात उभे राहून मला हाका मारायचात, आणि मला जितका उशीर तितका तुमचा आवाज चढायचा. इथेही तसेच आहे. रक्तातला टी४ किंचित घसरला तरी टीएसएच कितीतरी पटीने चढतो. टी४ ची छापील मर्यादा पुष्कळ लोकांच्या रक्तावरून ठरवलेली असल्यामुळे ती रुंद असते, आणि आईला स्वतःला लागणारी पातळी त्या रुंद पट्ट्यात कुठे आहे हे तो आकडा सांगत नाही. ते पिट्युटरीला बरोबर कळते. शिवाय आई त्या दिवशी गोळी घेऊन दोन तासांनी रक्त द्यायला गेली होती. गोळीनंतर काही तास टी४ तात्पुरता चढलेला असतो, टीएसएच मात्र तेवढ्याने हलत नाही. त्यामुळे तो टी४ आहे त्याहून जरा बरा दिसला असणार.

आता कॅल्शियम रात्री गेले की तीच ७५ ची गोळी पुन्हा पूर्ण लागू पडेल. त्यावर १०० केली असती तर काही आठवड्यांत टीएसएच खाली दबला असता, आणि आईच्या वयात तो फार खाली राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे झिजण्याचा धोका वाढतो. ज्या हाडांसाठी कॅल्शियम सुरू केले, त्यांनाच आपण इजा केली असती. मावशीचा टीएसएच १ आहे म्हणून आपलाही तेवढाच हवा, हे मनातून काढून टाका. सत्तरीनंतर ४ ते ६ च्या दरम्यानचा आकडाही पुष्कळदा चालतो, असे डॉक्टर म्हणाले.

आई, मला कळते की आकडा काहीही असो, थकवा तुझ्या अंगात आहे. माझ्या दहावीच्या वर्षी तू भर उन्हाळ्यात तो पोपटी स्वेटर घालून माझ्या शेजारी रात्री जागायचीस, आणि तुझा घोगरा झालेला आवाज सर्दीचा आहे असे आम्ही सगळे समजत होतो. ती थायरॉईड कमी पडल्याची लक्षणे होती हे तेव्हा कोणाला कळले नाही, आता कळते आहे. दुपारी पडावेसे वाटले तर पड, अंगावर पांघरूण घे, कामे राहू देत. "जन्मभराची गोळी" असे म्हणून तू उसासा टाकतेस, म्हणून एक सांगते. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी एका ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क द्यायला सुरुवात केली, आणि त्या औषधावर त्या ७४ व्या वर्षापर्यंत जगल्या. तुझी गोळी त्याहून कितीतरी शुद्ध आणि मोजून-मापून केलेली आहे.

आता मी सांगते तसेच करायचे. थायरॉईडची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा ते एक तास काहीही नाही, कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. पुढची तपासणी ८ आठवड्यांनी, त्याआधी नाही. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, आणि पातळी स्थिर होऊन टीएसएच तिच्याशी जुळायला ६ ते ८ आठवडे जातात. मधल्या काळात ताप किंवा मोठे आजारपण आले तर तपासणी पुढे ढकलू, कारण आजारात हे आकडे आपोआप इकडेतिकडे होतात. रक्त त्याच लॅबमध्ये, सकाळी, गोळी घेण्याआधी द्यायचे आणि गोळी बरोबर न्यायची. केसांसाठीच्या तुझ्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व आहे, त्या रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेव. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो. गोळीची कंपनी बदलायची नाही. अँटिबॉडीची तपासणी पुन्हा करू नका, त्यावरून डोस ठरत नाही.

छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे असे काही जाणवले तर त्याच दिवशी मला कळवा. छातीत दुखले तर आधी डॉक्टरांकडे जा, मला नंतर सांगा.

बाबा, १०० च्या गोळ्या परत करायला जाताना घाई करू नका, गुडघा सांभाळा. आणि आई, आज रात्री कॅल्शियम दुसऱ्या कप्प्यात टाकलेस की डब्याचा एक फोटो पाठव.

तुमची,
छकुली