पांढऱ्या रस्त्यांनी

ति. आई-बाबांना सा. न.

रविवारी फोनवरच सांगणार होते. पण आईने गौरीच्या नैवेद्याची यादी वाचायला घेतली आणि माझी जीभ उचलेना. म्हणून हे लिहायला बसले. फोटो काढून दादाला पाठवतेय, तो मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. मध्येच उठून फोन लावू नका.

यंदा मी गौरी-गणपतीला येत नाही. दिवाळीला येते, वसुबारसेपासून चांगली अठरा दिवस. ते तिकीट काढूनच हे लिहितेय. सप्टेंबरात मात्र नऊ दिवस मी इथे फ्रान्समध्ये सायकलवर असणार आहे. लिहिलं एकदाचं.

नानांचं झालं तेव्हापासून आपल्या घरात सायकल हा शब्द हळू आवाजात काढतात, हे का मला माहीत नाही? म्हणूनच आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘तुझं तू बघ’ म्हणाला असता, आणि त्याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते तिघांनाही ठाऊक आहे. रजा मंजूर झाली आहे, मुक्कामांचे पैसे भरले आहेत. डॉक्टरांनीही चालायला-फिरायला सांगितलंय, माझी साखर काठावर आहे (आई, काठावर म्हणजे काठावरच, घाबरू नकोस). शिवाय चार वर्षं माझी प्रत्येक रजा साताऱ्यालाच खर्च झाली. खर्च हा शब्द चुकला. साताऱ्याला येऊन मी जेवढी झोपते तेवढी जगात कुठे झोपत नाही. पण एकदा पाय हलवून बघायचे होते, बाबा. पंचेचाळिशीनंतर ते जमेल की नाही कोण जाणे.

आता रस्त्याचं सांगते, कारण तुमच्या डोळ्यांपुढे हायवे आला असणार. तो नाही. क्लेरमाँहून भूमध्य समुद्राकडे जाणारे ट्रक आणि घाईच्या गाड्या ए-७५ या मोठ्या रस्त्याने जातात. तो बराच पश्चिमेला राहतो. मी त्याच्या पूर्वेला, लोझेर नावाच्या जिल्ह्यात असेन. हा जिल्हा आपल्या सातारा जिल्ह्याच्या साधारण निम्मा, आणि सगळी मिळून माणसं ७६ हजारांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात ३० लाख! फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात विरळ वस्तीचा जिल्हा हाच. गेल्या दीडशे वर्षांत इथली माणसं पोट भरायला खाणींकडे आणि शहरांकडे निघून गेली, रस्ते मागे राहिले. त्यांवर आता पोस्टाची पिवळी गाडी, शाळेची बस, दुधाचा टँकर आणि एखादा ट्रॅक्टर. कागदी नकाशावर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि सगळ्यात लहान ते पांढरे दाखवतात. मी चार रविवार बसून पांढरे रस्ते जोडत गेले. जिथे इलाज नाही तिथे पिवळा घेतलाय, लाल एकही नाही. चढही नकाशावरच कळतो: एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन बाण म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याच्याही वर. तीन बाणांच्या वाटेला मी गेलेच नाही. दोन दिसले की उतरून ढकलायची. यवतेश्वरच्या घाटात तुम्ही मला ढकलायलाच लावली होतीत, तेव्हा मी रडले होते. आता रडणार नाही.

लांगोन्यपर्यंत आगगाडी. ती गाडी तुम्हाला फार आवडेल, बाबा. शंभराच्या वर बोगदे आहेत त्या मार्गावर. तिथून हळूहळू दक्षिणेला, ब्लेमार गावापासून फिनिएलचा घाट. माथा १५४१ मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जरा उंच. पलीकडे पाँ-द-माँव्हेर, मग तार्न नदीच्या काठाकाठाने फ्लोराक. पुढे मेजाँचं पठार. फोटो पाहिला तर तुम्ही कासच म्हणाल, पण खडक चुन्याचा आणि पाणी सगळं जमिनीखाली, त्यामुळे वर नुसतं गवत, मेंढ्या आणि वारा. तिथून झाँतच्या दरीत उतरायचं. त्या दरीवर गिधाडं आहेत. इथलीही संपली होती, १९८१ पासून पिंजऱ्यातून आणून पुन्हा सोडली, आता शेकड्यांनी झाली. पूर्वी मेलेल्या गुराभोवती कशी जमायची ते तुम्ही हात पसरून दाखवायचात ना, तसे पसरलेले पंख बघायला मिळतील. तुमच्यासाठी फोटो काढीन, पण माझ्या फोनमध्ये ठिपकाच येईल. नंतर पुन्हा तार्नची दरी आणि शेवटी माँद, तिथून गाडीने घरी.

आई, खाण्याचं विचारशील. मुक्कामाच्या साध्या घराला इथे ‘जीत’ म्हणतात. (बाबा, हो, मलाही हसू आलं.) गरम पाणी, स्वच्छ चादर, रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका टेबलावर. शाकाहारी आहे म्हणून आधीच कळवलंय. उत्तरेला ल प्यूईच्या हिरव्या मसुराची आमटीसारखी उसळ करतात, आणि अलिगो म्हणून बटाटा नि चीज घोटून केलेला एक पदार्थ आहे, हातभर तार सुटते. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, सोमवारी पाववालाही बंद, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू बरोबर घेणार. मेतकूट तर आहेच, मागच्या खेपेचं पुरवून ठेवलंय. पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत नळ असतो, सगळे सायकलवाले तिथेच भरतात. नाक मुरडू नकोस. पिण्याचं नसेल तर तशी पाटी असते, आणि मी बघितल्याशिवाय भरणार नाही.

भीतीच्या गोष्टी लपवत नाही. गावाबाहेर सायकल ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं असा इथे कायदा आहे. सगळे पाळतात असं नाही, बहुतेक पाळतात. हे वाक्य लिहिताना नानाच डोळ्यांपुढे होते. डोक्यावर हेल्मेट, मागे दिवसाही लाल दिवा, अंगात भडक पिवळं जाकीट. शिकारीचा हंगाम सुरू होतो, तेव्हा रानातही ते बरं. (आई, हे शेवटचं तू वाचलं नाहीस असं समज.) मेंढ्यांबरोबर पांढरे थोराड कुत्रे असतात. उतरायचं, सायकल मध्ये धरायची आणि न ओरडता, न पळता बाजूने संथ चालत जायचं. धनगरवाड्यावर आपण तेच करायचो. पाऊस मात्र इथला अवघड. भूमध्य समुद्रावरची ओली हवा सेवेनच्या डोंगरांना धडकली की काही तासांत नद्या फुगतात. सह्याद्रीत जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला की त्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही, हे ठरलंय.

अजून एक. ऑफिसातली मैत्रीण बरोबर आहे, पण पाच दिवसच. फ्लोराकहून ती बसने परत जाते, मुलाची शाळा आहे. शेवटचे चार दिवस मी एकटी. वर लिहायला हवं होतं, हात धजला नाही.

रोज संध्याकाळी पोचले की निरोप टाकीन. इथले सात म्हणजे तुमचे साडेदहा, तेव्हा फोन उशाशी घेऊन जागत बसायचं नाही. सकाळी चहाबरोबर वाचा. दरीत रेंज नसते, निरोप आला नाही तर सकाळी ११ वाजेपर्यंत दादाला विचारायचंसुद्धा नाही. मी कुठे आहे ते दाखवणारं टिंब दादाच्याच फोनवर ठेवलंय. तुमच्याकडे दिलं तर ते थांबलं की तुम्ही उभे राहाल, आणि मी कुठेतरी कॉफी पीत बसलेली असेन.

आता माझं ऐका. मखर माळ्यावरून दादाच काढेल, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. आई, उकडीचे एकवीसच मोदक, पन्नास नाहीत, आणि ते टेबलाशी बसून. गुडघ्याचा पट्टा कपाटात शोभेला ठेवलेला नाही. बाबा, डोळ्यांतले थेंब दिवसातून चार वेळा म्हणजे चारच वेळा, आठवण येईल तेव्हा नाही. बीपीची गोळी उपासालाही घ्यायची. आणि संध्याकाळी फिरायला जाताना तो काळा स्वेटर नको, पांढरा सदरा घाला. पोवई नाक्याकडे तर अंधार पडल्यावर जाऊच नका. मी पिवळं जाकीट घालते, तुम्ही पांढरा सदरा. ठरलं?

नानांची सायकल तुम्ही भंगारात घातलीत त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा भिंतीवर नुसता तिच्या हँडलचा ओरखडा होता. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. आईने त्या रात्री माझ्या केसांना तेल लावलं, बराच वेळ. पण पंप तुम्ही दिला नव्हता. मोरीच्या दारामागे अजून आहे, मागच्या खेपेला पाहिला.

दिवाळीला मी तो घेऊन जाईन म्हणते. आतलं चामड्याचं वॉशर वाळून कडक झालं असेल. खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून ठेवाल का, बाबा?

तुमची,
माई